उजवीकडचा नट

माझ्या नवऱ्याने, मर्वने, शेडमधल्या लेथवर ताडपत्री टाकली त्याला चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत आमच्या घरात कुणी शेडचं नाव काढलं नव्हतं. सकाळचा चहा घेऊन तो मागच्या पायरीवर बसायचा, तोही शेडकडे पाठ करून. मी काही बोलायची नाही. तशी मी गप्प बसणारी बाई नव्हे. आमच्या वॉलरू बंदरात कुणालाही विचारा, लॉर्ना ट्रेझाइजच्या तोंडाला कुणी लागत नाही. पण या एका बाबतीत मी मिठाची गुळणी धरून बसले होते, आणि का, ते फक्त मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटायचं.

मग एका शनिवारी टॅमसिन आली. आमची एकुलती एक. दर शनिवारी ती मी केलेल्या पास्टी, मांस-बटाट्याच्या मोठ्या करंज्या, न्यायला यायची, तशीच आली. पण त्या दिवशी पिशवी घेऊन निघायच्या ऐवजी खुर्ची ओढून बसली.

"बाबा, मी होडी घेतलीय."

मर्वने पेपर खाली ठेवला नाही. "कसली होडी?"

"खेकड्यांची. जॅरडचा परवाना माझ्या नावावर आहेच, चार वर्षं दुसऱ्याला वापरायला दिला होता. आता मीच जाणार. त्या धान्याच्या कोठारावर ट्रका मोजून मोजून मला वेड लागायची पाळी आलीय."

जॅरड म्हणजे तिचा नवरा. चार वर्षांपूर्वी, जूनच्या एका पहाटे, अचानक आलेल्या वाऱ्यात त्याची होडी वाळूच्या पट्ट्यावर कुशीवर पडली. केबिनच्या दाराशी सापळे आणि दोरखंड येऊन साचले. बाहेर पडायला उरली होती ती पुढची झडप. ती आतून, दोन स्टडवर म्हणजे आटे पाडलेल्या खुंट्यांवर, दोन नट आवळून बंद व्हायची, हाताने फिरवायचे, मुठीएवढे नट. पोलिसांच्या कागदावर एकच ओळ होती: झडपेचा एक नट जाम झालेला आढळला. एक सुटला होता, एक सुटला नव्हता.

"नव्या होडीला झडप आहे, पण तिचे नट प्लॅस्टिकचे आहेत," टॅम म्हणाली. "उन्हाने तडकलेत. मला दोन धातूचे करून द्या. स्टडही बदला."

"हात राहिला नाही आता," मर्व म्हणाला.

"मग आई करेल. तिला येतं की."

"आई करणार नाही."

इतक्या तुटकपणे बोलला की टॅम माझ्याकडे बघायला लागली. मी ओट्यावरचं पीठ पुसत होते, पुसतच राहिले.

"बरं," टॅम उठली. "हंगाम सुरू व्हायला पाच आठवडे आहेत. तुम्ही नाही दिलेत तर आहेत त्याच प्लॅस्टिकच्या नटांवर जाईन. पण जाणार. आणि बाबा, जॅरडचं जे झालं ते खाऱ्या पाण्याने झालं. तुमच्या आट्यांनी नाही. चार वर्षं सांगतेय, तुमच्या डोक्यात शिरत नाही."

ती गेली. मर्वने पेपर तेव्हा खाली ठेवला. बघितलं तर उलटा धरला होता.

आता ते मागचं सांगायला हवं. जॅरड गेला त्याच्या आदल्या वर्षी मर्वच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना त्याचा हात गळ्यात बांधलेला होता. अख्खा जन्म फिटर म्हणून घालवलेला माणूस. नुसता बसला की घरभर कुरकुर. शेवटी मीच वैतागून म्हटलं, "चल, मला शिकव तुझं ते आटे पाडायचं. नाहीतर मी तुझा दुसराही हात बांधून ठेवते." त्याला गंमत वाटली. शेडमध्ये स्टुलावर बसून त्याने मला शिकवायला सुरुवात केली.

मला वाटलं होतं, आठ दिवसांत कंटाळेन. पण ते काम मला लागलं. लेथ फिरते, हत्यार ठरलेल्या चालीने पुढे सरकतं आणि गोल गजावर नागमोडी खाच पडत जाते. एका फेरीत काही होत नाही. केसाएवढं खोल, मागे घ्यायचं, परत केसाएवढं. आणि दर वेळी हत्यार त्याच खाचेत पडलं पाहिजे. त्यासाठी बाजूला एक छोटी तबकडी असते. तिच्यावरचा ठरलेला आकडा रेषेवर आला की खटका दाबायचा. अलीकडे नाही, पलीकडे नाही. चुकलात की सगळे आटे एकमेकांना कापून जॉब, म्हणजे तो तुकडा, गेला भंगारात.

मर्वने मला प्रत्येक धातूवर आटे पाडायला लावले. पितळ गुणी. कोरडंच कापायचं, वाळूसारखा कीस पडतो, काही तक्रार नाही. साधं पोलाद तेल मागतं. ॲल्युमिनियम हत्याराला चिकटून बसतं, त्याला रॉकेल. तांबं इतकं मऊ की ओढलं जातं, फाटतं. तीन तुकडे वाया घालवले तेव्हा चौथा जमला. आणि स्टेनलेस? स्टेनलेसला घाबरूनच मर्व बोलायचा. "त्याच्यावर हत्यार नुसतं घासत ठेवलंस ना, की ते जागच्या जागी कडक होतं. मग ते तुझं ऐकत नाही. एकदा हात घातला की थांबायचं नाही, डगमगायचं नाही." मी तेव्हा म्हटलं, "म्हणजे तुझ्या आईसारखं." तो खांदा धरून हसला. हसला की दुखायचं त्याला.

जॅरडची होडी त्याच सुमाराला तयार होत होती. झडपेचे दोन स्टड मर्वने ऑपरेशनच्या आधीच करून ठेवले होते, स्टेनलेसचे. अर्धा इंच, इंचाला बारा आटे. नट राहिले होते. एका मंगळवारी त्याला शेजारच्या गावी, कडीनाला, डॉक्टरकडे जायचं होतं. दारातून वळून म्हणाला, "नट करायला घे. ब्राँझचे कर. खालच्या फळीवर गज आहे."

एवढंच. का ब्राँझ, ते बोलला नाही.

मी खालच्या फळीवर बघितलं. ब्राँझचा गज पडला होता, काळपट, हिरवे डाग पडलेला. शेजारीच स्टेनलेसचा गज, चांदीसारखा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं, ब्राँझ सोपं म्हणून सांगतोय. शिकाऊ बाई, हिला कुठे झेपणार स्टेनलेस! आणि जावयाची नवी कोरी होडी, पांढरा रंग, चकचकीत स्टड, त्यावर हे शेणकट नट? मी स्टेनलेसचा गज उचलला.

नटाच्या आतून आटे पाडणं आंधळं काम. हत्यार आत काय करतंय ते दिसत नाही, आवाजावरून ओळखायचं. मी थांबले नाही, डगमगले नाही. दुपारपर्यंत दोन नट झाले. मर्वच्या स्टडवर लावून बघितले तर लोण्यात सुरी जावी तसे गेले. मी शेडमध्ये एकटीच नाचले, अगदी खरं सांगते. संध्याकाळी जॅरड आला, नट बघून म्हणाला, "सासूबाई, हे तर दागिने आहेत दागिने!" आणि तसाच घेऊन गेला, त्याच दिवशी बसवलेसुद्धा. मर्व कडीनाहून परतला तेव्हा नट घरात नव्हतेच. मी म्हटलं, झाले, जॅरड घेऊन गेला. होडी पाण्यात सोडली त्या दिवशी मर्व हात बांधून धक्क्यावर बसला होता, आत चढला नाही. ते नट त्याने कधी बघितलेच नाहीत, असं मी धरून चालले.

आठ महिन्यांनी जॅरड गेला. पोलिस घरी येऊन विचारून गेले, ते नट-बोल्ट कुणी केले? मी तोंड उघडायच्या आत मर्व म्हणाला, "मी." त्याच संध्याकाळी त्याने लेथवर ताडपत्री टाकली.

मला खरं कारण कळलं ते त्यानंतर महिन्याभराने. मर्वचं शिकाऊ दिवसांतलं एक जाड पुस्तक होतं, तेलाच्या बोटांचे ठसे उमटलेलं. एकदा तो झोपलेला असताना मी ते काढून वाचलं. स्टेनलेसवर स्टेनलेस बसवू नये. दाब आला की दोन्हींचे आटे एकमेकांत रुततात, एकजीव होतात, मग कापल्याशिवाय सुटत नाहीत. एकाला दुसरा धातू हवा. नट ब्राँझचा असावा. त्या ओळीखाली अठरा वर्षांच्या मर्वने पेन्सिलीने दोनदा रेघ मारली होती.

पुस्तक जागच्या जागी ठेवलं आणि गप्प बसले. चार वर्षं. नवरा आपलेच स्टड घट्ट झाले असं समजून झिजत होता, आणि मी त्याला झिजू दिलं. मी भित्री होते. दुसरं काही नाव नाही त्याला. मला भीती होती की मर्व माझं तोंड बघणार नाही, आणि टॅम तर नाहीच नाही.

पण आता ती समुद्रावर निघाली होती. प्लॅस्टिकच्या नटांवर.

सोमवारी सकाळी मर्व अजून दाढी करत होता तेव्हा मी शेड उघडली. ताडपत्री काढली. लेथवर गंज नव्हता. मर्वने तेव्हाही, त्या दिवशीही, आधी तेल लावून मग झाकली होती. मी खालच्या फळीवरून ब्राँझचा गज काढला, लेथच्या जबड्यात, चकमध्ये, धरला आणि मोटर चालू केली.

तो आलाच. अर्ध्या गालावर साबण, खांद्यावर टॉवेल.

"बंद कर ते!"

"नाही करणार. मला तुला काही सांगायचंय. मोटर चालू असतानाच सांगते, म्हणजे माझा आवाज फाटला तरी तुला कळणार नाही."

"लॉर्ना, बंद कर."

"ते नट मी स्टेनलेसचे केले होते, मर्व. तू ब्राँझ सांगितलं होतंस. मी ऐकलं नाही. तुझ्या स्टडांत काही खोट नव्हती. मी मारलं त्याला."

मर्वने हात पुढे करून मोटर बंद केली. गज दोन फेरे फिरून थांबला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"स्टेनलेसचे होते ते. मी बघितले होते."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. "कधी बघितलेस?"

"होडी सोडली त्याच्या पुढच्या आठवड्यात. जॅरड मला एक चक्कर मारायला घेऊन गेला. केबिनमध्ये बसलो होतो. वर बघितलं तर दोन्ही पांढरेच. म्हटलं, अरेच्चा! हिने ब्राँझ घेतलं नाही." त्याने टॉवेलने गाल पुसला, साबण अर्धा तसाच राहिला. "घरी येऊन सांगणार होतो. आलो तर तू फोनवर तुझ्या बहिणीला सांगत होतीस. स्टेनलेस, आतून, पहिल्या झटक्यात. चाळीस वर्षांत तुला इतकं खूष मी बघितलं नव्हतं. म्हटलं, उद्या सांगू. मग म्हटलं, हात मोकळा झाला की मीच गुपचूप दुसरे करून बदलून टाकीन, हिला कळायचंही नाही. मग हात मोकळा झाला, आणि..."

"आणि काय?"

"आणि राहून गेलं."

मी हातातला पाना फेकला. त्याच्या अंगावर नाही, पत्र्यावर. पण त्याच्या अंगावर गेला असता तरी मला चाललं असतं, इतकी मी पेटले होते.

"राहून गेलं? आठ महिने राहून गेलं? अरे, तू फिटर ना रे! मी अडाणी होते, मला कळत नव्हतं. तुला कळत होतं! एक शब्द, मर्व. 'चूक केलीस बाई, ते काढ.' एवढं बोलायला तुझी जीभ झडली होती? माझी खुशी सांभाळत बसलास? कुणी सांगितलं होतं तुला माझी खुशी सांभाळायला?"

"कुणी नाही," तो म्हणाला.

"मी रडले असते! दोन दिवस तुझ्याशी बोलले नसते! बस, इतकंच झालं असतं!"

"हो."

"आणि चार वर्षं मला हे का नाही सांगितलंस?"

"तुला माहीत नसावं असं वाटलं. ते जाम का होतात ते. म्हटलं, हिला कशाला ते ओझं."

मग मी स्टुलावर बसले आणि मोठ्याने रडले. तो उभाच होता. थोड्या वेळाने माझ्याजवळ येऊन त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मी तो झटकला, आणि मग परत धरला. दोघं एकाच घरात, एकाच पलंगावर, एकमेकांना सांभाळत बसलो होतो, आणि त्यात आमचा जावई गेला. हेच खरं होतं, आणि ते टॅमला सांगायला हवं होतं.

"ती परत या घरात पाऊल ठेवणार नाही," मी म्हटलं.

"न का ठेवेना," मर्व म्हणाला. "आता गप्प बसायचं नाही."

त्याच दुपारी आम्ही तिच्याकडे गेलो. ती अंगणात होडीच्या बुडाला रंग लावत होती. आम्ही दोघंही एकदम आलेले बघून ब्रश खाली ठेवला. मीच सांगितलं, मर्व सांगायला लागला होता, पण त्याला मध्येच तोडलं, माझं मला बोलू दे म्हटलं. मग त्याचं तो बोलला. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नाहीत. चार वर्षांची गोष्ट पाच मिनिटांत संपली.

टॅम हातावरचा रंग खरवडत राहिली.

"उजवा," ती म्हणाली.

"काय?"

"उजवीकडचा नट. डावा त्याने पूर्ण काढला होता. तो होडीतच सापडला, त्याच्या खिशात. उजवा नाही सुटला." ती आमच्याकडे बघत नव्हती. "त्याची बोटं सोलली होती. सगळी. मला पोलिसांनी सांगितलं होतं, मी तुम्हाला सांगितलं नाही. म्हटलं, बाबांना कशाला."

मर्वने होडीचा काठ धरला.

"आपल्या घरात सगळेच एकमेकांना जपतात, नाही?" टॅम म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यानेच मला जास्त लागलं. "जा आता तुम्ही. कृपा करून जा."

आम्ही निघालो. पहिला शनिवार गेला, ती आली नाही. मी पास्टी केल्या होत्या. दोन आम्ही खाल्ल्या, बाकीच्या शेजारच्या पेनबर्थींच्या घरी दिल्या. मर्व रोज शेडमध्ये जाऊन बसायचा. त्याने लेथ साफ केली, पट्टा बदलला, हत्यारांना धार लावली. पण नट केले नाहीत. मी म्हटलं, करून तिच्या दाराशी ठेवून ये. तो नाही म्हणाला. "न मागता तिच्या होडीला हात लावणार नाही मी."

दुसऱ्या मंगळवारी ती आली. घरात नाही, सरळ शेडमध्ये. ओव्हरऑल घातलेला, केस बांधलेले.

"माझे नट मी करणार," ती म्हणाली. "स्टडही मीच करणार. तुमच्या हातचं काही नकोय मला. पण मला येत नाही, म्हणून तुम्ही शिकवायचं. नुसतं शिकवायचं. दुसरं काही बोलायचं नाही."

"उभी कशी राहतेस ते आधी," मर्व म्हणाला. "बाह्या वर कर. त्या लोंबत्या बाह्या चक ओढून घेईल."

पुढचे दहा दिवस ती कामावरून सुटली की यायची. आम्हाला दोघांना नावाने हाक मारायची नाही. ना आई, ना बाबा. "हे कुठे ठेवू," "तेल संपलं," एवढंच. पितळावर शिकली, मग पोलादावर. स्टेनलेसच्या स्टडवर आटे पाडताना पहिल्यांदा थबकली आणि ते कडक होऊन बसलं. हत्याराचं टोक उडालं. दुसऱ्यांदा थबकली नाही. मी कोपऱ्यात बसून बघायची. चहा आणायची, ती तो प्यायची, कप ठेवायची.

मग ब्राँझ. पहिला नट तिने एका संध्याकाळी केला. घासून, पुसून, उजेडात धरला. मातकट गजातून ते सोन्यासारखं निघालं होतं. मला लाज वाटली की हाच गज मी शेणकट म्हणून टाकला होता. तिने तो स्टडवर चढवला. फिरला. टॅमचा चेहरा असा उजळला, की जॅरड गेल्यापासून मी तो तसा बघितला नव्हता. तिने नट मर्वच्या हातात दिला.

मर्वने तो स्टडवर लावला. डोळे मिटून, दोन बोटांनी, हळू फिरवत नेला. एक फेरा. दोन. तीन. मी त्याच्या बोटांकडे बघत होते. सहाव्या फेऱ्याला बोटं किंचित अडली, अगदी किंचित. मला दिसलं ते मी त्याच्या बोटांकडेच बघत होते म्हणून. मग पुढे गेली.

त्याने डोळे उघडले. टॅमकडे बघितलं. तिचा तो चेहरा त्यालाही दिसत होता. बोल, मर्व. अरे, बोल.

"नाही चालणार," तो म्हणाला. "मध्ये घासतोय. भंगारात टाक."

"घासतोय? गेला की शेवटपर्यंत!"

"गेला. पण घासतोय. टाक."

"पाच तास लागले मला याला!"

"माहीत आहे. छान दिसतोय. टाक."

टॅमच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं. तिने नट भंगाराच्या डब्यात असा आपटला की डबा उलटला. मग तिने चकमध्ये नवा तुकडा धरला.

दुसरा तिने दुसऱ्या दिवशी केला. तो स्टडवर सरसर गेला. मर्व काही बोलायच्या आधी मीच तो हातात घेऊन हलवला. खुळखुळ वाजत होता.

"सैल आहे," मी म्हटलं. "एक फेरी जास्त मारलीस. लाटेने आपोआप सुटेल हा."

तिने माझ्याकडे अशा काही नजरेने बघितलं की दुसरी कुणी असती तर घरात पळाली असती. मी हलले नाही. तिने तो डब्यात टाकला. या वेळी आपटला नाही.

तिसरा मर्वने नाकारला. चौथा तिने स्वतःच लावून बघितला, आम्हाला दाखवलाच नाही, डब्यात टाकला. पाचवा आणि सहावा चालले. मर्वने दोन्ही तीन-तीनदा लावून काढले, मी लावून काढले, आणि दोघांनाही बोलण्यासारखं काही सापडलं नाही.

"झाले?" टॅमने विचारलं.

"अजून नाही," मर्व म्हणाला.

त्याने झडपेएवढी एक लोखंडी पट्टी घेतली, दोन्ही स्टड तिच्यात बसवले, नट चढवले आणि मुठीने होतील तितके आवळले. मग धक्क्यावरून बादलीभर समुद्राचं पाणी आणलं आणि सगळं त्यात बुडवून शेडच्या दाराशी, उन्हात ठेवलं. "दोन आठवडे," तो म्हणाला. हंगाम सुरू व्हायला तेवढेच उरले होते. पाणी उडून जायचं तसं तो नवं आणून ओतायचा. कडेला मिठाचा पांढरा थर धरला. येता-जाता मी बादलीकडे बघायची.

शनिवारी सकाळी टॅम आली. आम्ही तिघं बादलीभोवती उभे राहिलो. मर्वने पट्टी बाहेर काढून बाकावरच्या शेगड्याच्या, म्हणजे व्हाइसच्या, जबड्यात घट्ट धरली. नटांवर मीठ साचलं होतं, ब्राँझ काळपट पडलं होतं, पुन्हा त्या फळीवरच्या गजासारखं.

"पान्याने नाही," तो म्हणाला. "हाताने."

टॅमने हात ओव्हरऑलला पुसले. डाव्या नटाकडे तिने बघितलंही नाही. तिने उजवा धरला. बोटं पांढरी झाली. क्षणभर काही झालं नाही. मग कर्र असा मिठाचा आवाज आला, आणि नट फिरला. एकदा. दोनदा. मग एका बोटाने ढकलला तरी फिरत राहिला, आणि सुटून तिच्या तळहातात पडला.

तिने तो परत लावला, आवळला, परत काढला. परत लावला. मी मोजत नव्हते, पण वीसेकदा तरी झालं असेल. मर्वने मध्ये एकदा "टॅम" म्हटलं, तिला ऐकू गेलं नाही. तिची बोटं लाल झाली, एका पेराची साल निघून रक्त आलं, तरी ती उघडत होती, लावत होती, उघडत होती, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं ते पुसतही नव्हती. मला तिचा हात धरावासा वाटला. धरला नाही. ते तिचं आणि जॅरडचं चाललं होतं.

शेवटी तिचे हात दमले. नट मुठीत धरून ती स्टुलावर टेकली, माझ्याच त्या स्टुलावर. बाहेर धक्क्यावर धान्याच्या बोटीचा भोंगा वाजला.

"आई," ती म्हणाली, "जरा चहा टाक ना."